आकडा बिल्ल्याचा, अंग माझं

नाही, मला एक सांगा, माणसाने आधी निदान आजारी तरी पडावं की नाही? ताप नाही, खोकला नाही, साधी शिंक नाही, सकाळी चहा पिऊन हसत कामावर गेलेला माणूस मी, आणि टेबलावर कागद काय, तर म्हणे तुम्ही जरुरीपेक्षा जास्त किरण खाल्लेत. खाल्लेत म्हणजे? मी काय ताट वाढून घेतलं होतं?

तुम्ही म्हणाल हा गृहस्थ कोण आणि उगाच रडतोय कशाला. तर तुम्हाला सांगतो, मी एक्सरेवाला. डॉक्टर नाही. डॉक्टर तो, जो फोटो उजेडाला धरून नुसतं ‘हं’ म्हणतो. मी तो, जो काचेमागून ओरडतो, “श्वास घ्या… रोखून धरा… हलू नका… सोडा.” उभं आयुष्य हेच म्हणत आलो. झोपेतसुद्धा म्हणतो म्हणे. बायको सांगते, ‘रोखून धरा’पर्यंत मी अगदी स्पष्ट म्हणतो आणि मग घोरायला लागतो, आणि ती बिचारी अर्धवट झोपेत श्वास रोखून पडून राहते, कारण ‘सोडा’ कोणी म्हणतच नाही.

तर आम्हा लोकांच्या छातीवर एक बिल्ला असतो. प्लास्टिकची डबी, तिच्यात एक छोटी पट्टी, पट्टीवर ओळीने तीन टिकल्या. किरण आले की त्या टिकल्या ते मुकाट गिळून बसतात. ठरलेल्या वेळी पट्टी प्रयोगशाळेत जाते, तिथे टिकल्या तापवतात, तापल्या की त्या उजेड ओकतात, आणि जितका उजेड तितके किरण या माणसाच्या अंगाला लागले असं तिथले लोक लिहून कळवतात. माझ्या अंगाला किती लागलं हे माझ्या अंगाला कोणी विचारत नाही. आकडा बिल्ल्याचा, अंग माझं.

आता झालं काय, डबीचा चिमटा तुटला. हाडांच्या डॉक्टरांच्या ऑपरेशनात मी त्यांच्याबरोबर उभा असतो, ते मोडलेल्या मांडीत सळई घालणार आणि दर मिनिटाला माझ्यावर ओरडणार, “दाखव, दाखव, अजून एकदा दाखव,” की मी दाबतो बटण, आतलं हाड पडद्यावर दिसतं, डॉक्टर समाधान पावतात, किरण मला मिळतात. अशा एका गडबडीत वाकलो आणि डबी खाली पडली, चिमटा गेला. स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरवाला म्हणजे असा माणूस, की त्याच्याकडे वस्तू असली तरी ती त्याचीच असते. “डबी? डबी संपली. पुढच्या वेळी या.” अहो पुढची वेळ म्हणजे कधी? “ती आली की.”

म्हणून मी घरी कुरकुरलो. कुरकुरलो एवढंच हो. बायकोने ऐकलं, आणि सकाळी बघतो तर माझ्या चपलांशेजारी एक छोटी कापडी पिशवी, निळी, गळ्यात अडकवायला नाडी, आणि वर लाल दोऱ्याने भरलेलं फूल. तिची नजर आता अधू झालीय, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारते, तरी ते फूल बघा, पाकळी पाकळीला टाका मोजून घातलेला. आत पट्टी सरकवलेली. “आणि डबी?” “ठेवलीय कपाटात. तुटकी. तिच्या कोपऱ्याने तुमचा प्रत्येक शर्ट फाटलाय. तुम्हाला हवी ती पट्टीच ना?” मला पटलं. चष्म्याचं घर घरी ठेवून आपण चष्मा लावून जातोच की नाही? तसं.

थांबा, बायकोबद्दल एक सांगायचं राहिलं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आमच्या हिचा स्वभाव उलटा आहे. कप फुटला की घर डोक्यावर घेते. चहाचा साधा कप, कान आधीच तुटका, पण फुटला की असा आकांत की शेजारी दार वाजवून विचारतात, “सगळं ठीक आहे ना?” आणि तिची आई गेली तेव्हा? एक शब्द नाही. डोळ्यांत पाणी नाही. उठली, अंथरूण आवरलं, निघाली. पुढे कितीतरी दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. तेव्हापासून मी ओळखून आहे. ती ओरडतेय तोवर सगळं ठीक. ती गप्प झाली की समजायचं, दुःख मोठं आहे.

तर तो आकडा आला. सुरक्षा विभागाच्या साहेबांनी मला बोलावलं. हे साहेब नेहमी समोरच्यापासून दोन हात लांब उभे राहतात, त्या दिवशी टेबलाच्या पलीकडे गेले आणि वर खुर्चीही मागे सरकवली. “काका, तुम्ही कुठे कुठे जाता?” म्हटलं, घरी जातो, कामावर येतो. “ते नाही. रिपोर्टात गॅमा किरण लिहिलेत. गॅमा. आपल्या एक्सरेत गॅमा नसतात.” मला काय माहीत कुठून आले? “खरं सांगा, कॅन्सरच्या पेशंटना किरण देतात त्या कोबाल्टच्या इमारतीत जाता?” अहो, त्या इमारतीमागे चहाची टपरी आहे, सगळं हॉस्पिटल तिथे जातं, तुम्ही जाता. साहेबांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी स्वतः मोजायचं यंत्र घेऊन टपरीवर उभे. किटली मोजली, कप मोजले, चहावाल्याच्या पोटासमोर यंत्र धरलं. चहावाला म्हणाला, “साहेब, साखर जास्त वाटतेय का?” काही निघालं नाही. आणि काही निघालं नाही की संशय परत कोणावर? आकडा बिल्ल्याचा, अंग माझं.

मला खोलीतून काढलं. चौकशी होईपर्यंत किरणांचं काम बंद, खिडकीवर बसा, पेशंटला नंबर द्या. आता मी खिडकीत बसून नंबर देतो आणि आत माझ्या जागी नवीन मुलगा, तो म्हणतो, “श्वास घ्या रोखा सोडा,” एका दमात. अरे, मध्ये थांब की जरा. म्हाताऱ्या माणसाचा श्वास अजून वर येतोय तोवर तुझा फोटो काढून झालेला. पण बोलणार कोण? मी जास्त किरणांचा माणूस. सहकारी डबा खायला वेगळ्या टेबलावर बसू लागले. एकाने लांबूनच विचारलं, “रात्री चमकता का हो तुम्ही?” आणि स्वतःच हसला. मी नाही हसलो.

डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी रक्त घेतलं, डोळे बघितले, नखं बघितली. “काही होतंय का?” म्हटलं, काही नाही. “हं. होईल.” अरे माणसा, ‘होईल’ म्हणजे काय? ‘आता काही नाही पण लक्ष ठेवू’ असं म्हणायला काय जीभ झिजते? नुसतं ‘होईल’ म्हणाले आणि पुढच्याला आत बोलावलं.

पण हे सगळं मी सोसलं असतं हो. खिडकीही सोसली असती. खरं दुखणं वेगळंच होतं. माझी मुलगी तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला आली होती. माझी नात. एवढीशी, मूठ आवळलेली, कपाळाला आठ्या घालून जगाकडे बघणारी, म्हणजे हुबेहूब माझ्यावर गेलेली. मला एकच हवं होतं, तिला मांडीवर घ्यायचं. बस. आयुष्यात लोकांच्या पोरांना टेबलावर धरलंय, रडणारी, लाथा झाडणारी, हात मोडलेली, बटण गिळलेली, आणि आपलं म्हणून एक आलं तर मुलगी दारातच म्हणते, “बाबा, तुम्ही नुसतं लांबून बघा हं. चौकशी होईपर्यंत.”

मी समजावलं. बेटा, किरण अंगातून जातात, अंगात राहत नाहीत. दिवा लावून विझवला की भिंत काय उजेड देत बसते का? मी कोणाला देऊ शकत नाही, ते माझ्यातच नाहीत. “कळतं हो बाबा मला.” कळतं तर दे. “कळतं, पण…” या ‘पण’वर औषध नाही. जावयांचा फोन आला, मोठ्या आदराने बोलतात ते. “बाबा, गैरसमज करून घेऊ नका, पण साधारण किती फुटांवर बसता तुम्ही?” म्हटलं, तुमचं समाधान होईल तितक्या फुटांवर बसतो. तर म्हणाले, “मग गॅलरीत बरं.” मी गॅलरीत. आत बाळ, बाहेर मी, मध्ये जाळीचं दार.

आणि बायको? तुम्हाला सांगतो, तिथेच मी खचलो. बायको गप्प होती. माझा टॉवेल तिने वेगळ्या खिळ्याला लावला, माझा कप वेगळ्या फळीवर ठेवला, आणि गप्प. एकदा माझ्या हातून तोच कप पडला. फुटला. मी डोळे मिटून उभा राहिलो, म्हटलं आता सुरू होईल, होऊ दे, सुरू होऊ दे बाई. तिने काही न बोलता केरसुणी आणली, तुकडे गोळा केले आणि आत गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या डॉक्टरच्या ‘होईल’ने वाटली नव्हती, ती या केरसुणीने वाटली. या बाईने मनात मला पोचवूनसुद्धा टाकलं होतं हो.

मी साहेबांना म्हटलं, मला एकदा खोलीत जाऊ द्या, तुमच्यासमोर मोजा, होऊन जाऊ दे. साहेबांनी कोबाल्टच्या इमारतीतून एक यंत्र मागवलं, पेनाएवढं, खिशाला लावायचं, लगेच आकडा दाखवणारं. तिकडच्या लोकांचा त्याच्यावर फार जीव. म्हणे अगदी बारीक किरणालाही टकटक करतं. लावलं खिशाला, शिशाच्या एप्रनशिवाय उभा राहिलो, साहेब काचेमागे, नवीन मुलाने बटण दाबलं. यंत्र गप्प. परत दाबलं. गप्प. छातीचा झाला, कमरेचा झाला, तरी शून्य. साहेब म्हणाले, “बघा, इथे किरणच नाहीत. म्हणजे तुम्ही ते बाहेरूनच आणलेत.” अहो, किरण नाहीत तर समोर फोटो कशाचा निघाला? तिथे पडद्यावर पाठीचा कणा लख्ख दिसतोय आणि हे यंत्र म्हणतंय काही झालंच नाही. बिल्ला म्हणतो तुम्ही गेलात, पेन म्हणतं तुम्हाला काही लागलंच नाही. दोघेही सरकारी शिक्क्याचे, दोघांनाही प्रमाणपत्र. आकडा यांचा, आकडा त्यांचा, अंग माझं.

शेवटी प्रयोगशाळेतून एक मुलगी आली. मुलगी म्हणजे बाई, पण माझ्या लेकीच्या वयाची. आली ती थेट माझ्या खिडकीशी, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. शेजारी, हो. इतक्या दिवसांत माझ्याजवळ बसलेलं पहिलं माणूस. म्हणाली, “काका, तुमच्या तिन्ही टिकल्या अगदी सारख्याच कशा? बिल्ला दाखवा बरं.” मी शर्टातून नाडी ओढून पिशवी बाहेर काढली. ती बघत राहिली. “फूल छान भरलंय.” मग हळूच, “डबी कुठे आहे?”

म्हटलं, कपाटात.

तिने कपाळाला हात लावला, पण हसली नाही, हे तिचं मोठेपण. मग तिने समजावलं, आणि इतक्या वर्षांत मला हे कोणी असं समजावलं नव्हतं. म्हणाली, “काका, या टिकल्या जरा विचित्र असतात. कोबाल्टसारखे जबरदस्त किरण आले तर सरळ हिशेब देतात, एकाला एक. पण तुमच्या एक्सरेसारखे कमी ताकदीचे आले की त्या भलत्याच खवळतात. थोड्याशा किरणांवर आठ-आठ, दहा-दहापट उजेड टाकतात.”

मी म्हटलं, “म्हणजे मोठ्या प्रसंगात शांत आणि कप फुटला की आकांत?”

“अगदी तसंच. कोण असं आहे?”

“आहे एक. पुढे सांगा.”

“म्हणून तर डबी असते. डबीत एका टिकलीसमोर धातूचा पत्रा असतो, दुसरीसमोर प्लास्टिक, तिसरी उघडी. कमी ताकदीचे किरण पत्र्याने अडतात, मग पत्र्याआडची टिकली कमी बोलते आणि उघडी जास्त ओरडते. त्या फरकावरून आम्हाला कळतं, हे एक्सरे आहेत, हिचा आरडाओरडा दहाने भागा. तुमची पट्टी डबीबाहेर. तिन्ही टिकल्या सारख्याच ओरडल्या. आम्हाला वाटलं, पत्र्यातूनही आरपार जातंय म्हणजे गॅमाच असणार. आम्ही भागलंच नाही.”

“आणि ते पेन?”

“ते दुसऱ्या टोकाचं. जबर किरणांसाठी बनवलेलं. तुमचा एक्सरे म्हणजे एक झटका. ते जागं होईपर्यंत तुमचा पेशंट बूट घालून घरी.”

“म्हणजे खरा आकडा?”

“दहावा हिस्सा धरा. सगळ्यांना असतो तितकाच. काही झालेलं नाही तुम्हाला, काका.”

तुम्हाला सांगतो, तेव्हा मला कळलं की मी इतके दिवस श्वास रोखून धरला होता, आणि आता कुठे कोणीतरी ‘सोडा’ म्हणालं. खिडकीतून एक बाई विचारत होती, “अहो, माझा नंबर?” आणि मी डोळे पुसत होतो. ती म्हणाली, “राहू द्या हो, मी नंतर येते.” तिला वाटलं, माझाच नंबर आला.

पण एवढ्यावर सुटेल ते ऑफिस कसलं! साहेब म्हणाले, “कारण लेखी द्या. डबी का काढली? कोणी काढली?” पेन हातात घेतलं आणि थांबलो. आता लिहू काय? की माझ्या बायकोने, जिला सुईत दोरा ओवता येत नाही तिने, माझा शर्ट फाटू नये म्हणून काढली? आणि हे उद्या घरी कळलं तर? ज्या आकड्यापायी ती इतके दिवस गप्प होती, तो तिच्याच फुलाने आणला, हे तिला कळलं तर ती पुन्हा बोलेल का कधी? कप फुटला तरी? नाही. मी लिहिलं, ‘डबी माझ्या निष्काळजीपणामुळे हरवली.’ प्रयोगशाळेची मुलगी शेजारी होती. तिने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली सही केली. चौकशी मिटली. मला समज देण्यात आली, आणि शिक्षा काय, तर नव्या भरतीच्या पोरांबरोबर शिबिराला बसायचं. विषय, बिल्ला कसा लावावा. या वयात.

घरी गेलो. म्हटलं, “चूक होती. आकडा चुकला होता. मला काही झालेलं नाही.” मुलगी बघतेय आईकडे, आई बघतेय माझ्याकडे. “मग एवढा आला कसा?” म्हटलं, “टिकल्यांचा स्वभाव. उगाच आरडाओरडा करतात.” बायको काही बोलली नाही. आत गेली, बाळाला उचललं, आणून माझ्या मांडीवर ठेवलं. ठेवलं आणि हात काढलाच नाही, एक हात बाळावर, एक माझ्या गुडघ्यावर, अशी किती वेळ बसली होती कोण जाणे. नातीने माझ्याकडे आठ्या घालून बघितलं आणि जे भोकाड पसरलं म्हणता! मला वाटलं, रड बाई, खुशाल रड. या घरात रडण्याचा आवाज म्हणजे सगळं ठीक आहे.

आणि तेवढ्यात मुलीच्या धक्क्याने टेबलावरचा कप खाली. खळ्ळकन. मी बायकोकडे बघितलं. तिने श्वास घेतला… रोखला… आणि सोडला! “डोळे आहेत की नाहीत कोणाला या घरात, चांगला कप होता, एक वस्तू टिकू देत नाहीत मेले!” शेजाऱ्यांनी दार वाजवलं. “सगळं ठीक आहे ना?” मी आतून ओरडलो, “अगदी ठीक आहे!” इतकं गोड मला आयुष्यात काही ऐकू आलं नाही.

इथे संपलं असतं तर मी तुमच्यापुढे रडत कशाला बसलो असतो?

आज सकाळी, शिबिराला निघालो तर चपलांशेजारी नवीन पिशवी. जरा मोठी, कारण नवीन डबी मिळालीय, पट्टी डबीसकट मावावी म्हणून. फूल तेच, लाल. हातात घेतली तर जड. म्हटलं, “अगं, आत काय आहे?” तर लाजून म्हणाली, “काही नाही हो. बाळाच्या दूध पावडरीच्या डब्याचं झाकण आहे, कापून अस्तरात शिवलंय. पत्र्याने किरण अडतात म्हणे. आता त्या टिकल्यांपर्यंत काही पोचायचं नाही. मला पुन्हा तसला आकडा घरात नको.”

खरं सांगू कसं? तुम्ही सांगितलं असतं? पत्रा कापताना तिचं बोट कापलं होतं, चिंधी बांधलेली. मी पिशवी गळ्यात घातली. शिबिरात साहेबांनी विचारलं, “बिल्ल्यासमोर काय असू नये?” मीच हात वर केला आणि म्हणालो, “काहीही असू नये, साहेब.” साहेब म्हणाले, “शाब्बास. पोरांनो, काकांकडून शिका.”

आता किरण येवोत नाहीतर न येवोत, पुढचा कागद येणार, शून्य. डॉक्टर म्हणणार ‘हं’, जावई म्हणणार, गॅलरीतून आत या, बायको कपावरून ओरडणार, घर सुखात. आणि मला खरंच किती लागलं, ते काही या जन्मी कोणाला कळायचं नाही. आकडा बिल्ल्याचा, पत्रा दूध पावडरीचा, पिशवी बायकोची… अंग तेवढं माझं.